करडईचा डबा

गॅलरीतून डबा ओढत आणताना शैलाबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. पत्र्याचं बूड फरशीवर करकरत आलं, उंबऱ्याला अडलं, तिथे त्यांनी गुडघ्याने रेटा दिला आणि डबा ओट्याशी आणून उभा केला. पदराने मानेवरचा घाम पुसला आणि डब्याच्या तोंडावर बांधलेलं फडकं सोडायला घेतलं. उन्हात राहून सुतळीची गाठ अशी बसली होती की नखाला दाद देईना, तेव्हा त्यांनी सुरी घेतली.

"आई, वड्यांना नवीन तेल आणलंय ना," स्वप्नाली दारातून म्हणाली. "पिशव्या वर फळीवर ठेवल्यात."

"असू दे."

"हे जुनं झालंय."

"त्यांचं आहे," शैलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी गाठ कापली.

ह्यावर सुनेने काय बोलायचं? घरात सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. हॉलमध्ये भटजींची मांडामांड चाललेली, रत्नागिरीकडच्या गावाहून दशरथकाका आलेले, लालबागहून मंदाआत्या आलेली. अशा दिवशी सासूशी तेलावरून वाद घालणारी सून नवघरातच काय, साऱ्या भाईंदरात शोधून सापडली नसती. फडकं निघालं आणि डब्यातून वास वर आला.

तो वास तिच्या ओळखीचा होता. खरं सांगायचं तर तिचा पगार त्याच वासावर येत होता. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका लहानशा लॅबमध्ये ती खाद्यतेलं तपासायची. कुठल्या तेलात कोणती स्निग्धाम्लं किती, ठेवलं तर ते किती टिकेल, आणि आणलंय त्याच्यात खवटपणा किती शिरलाय, हे ती आकड्यांत लिहून द्यायची. आकड्याची वेळच येणार नाही अशी काही तेलं असतात, ती बाटलीचं बूच उघडताच स्वतःहून कबुली देतात. डब्यातलं तेल त्यांतलं होतं.

आणि हे तेल घरात आणलं होतं तिनेच. ईश्वररावांना पहिला झटका आला तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डॉक्टरांनी तेल बदला म्हटलं, घर तिच्या तोंडाकडे बघू लागलं आणि तिने करडईचं सुचवलं. सुचवलं ते चूक नव्हतं. करडईच्या तेलातली आम्लं हृदयाला मानवतात, पण त्यांचा स्वभाव चंचल. ऊन लागलं, डबा उघडा राहिला की लगेच त्यांची हवेशी लगट सुरू, आणि तेल खवट. शेंगदाण्याचं तेल त्या मानाने दणकट. म्हणूनच खालच्या मजल्यावरच्या ममताबेन दर हिवाळ्यात अर्ध्या बिल्डिंगसाठी सौराष्ट्रातून शेंगदाणा तेलाचे डबे मागवत आणि "आखुं वरस चाले," वर्षभर टिकतं, असं छातीठोक सांगत. शैलाबाईंनी त्याच यादीत आपला एक करडईचा डबा घातला. डबा तो डबा, त्यात करडई काय नि शेंगदाणा काय! स्वप्नालीला ते खटकलं होतं. पण नवी सून, भावही बरा पडत होता, आणि डबा गॅलरीत पश्चिमेच्या उन्हात जाऊन बसला तेव्हा घरात दुसरीकडे जागा तरी कुठे होती? त्या तेलात फक्त ईश्वररावांचं जेवण व्हायचं, तेही चमच्याने मोजून. डबा काही संपेना. डबा तसाच राहिला आणि माणूस गेला.

तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. शैलाबाई त्याच्यावरची धूळ मात्र न चुकता पुसत.

कढईत तेल तापू लागलं तसा स्वयंपाकघरात रंगकाम काढल्यासारखा दर्प भरला. स्वप्नालीने खिडकी उघडली. शैलाबाईंच्या नाकाला तो लागत नव्हता, की लागत असून त्या बोलत नव्हत्या, कोण जाणे. त्यांनी वडा थापला, त्याला मध्ये भोक पाडलं आणि तेलात सोडला.

मंदाआत्या आत डोकावली. तिच्या नाकपुड्या हलल्या.

"वहिनी, कसला वास येतोय?"

"कसला?"

आत्याने वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. "काही नाही बाई. नैवेद्याचा वास घेऊ नये म्हणतात, आणि मी मेली नाक वर करून उभी." ती परत गेली आणि जरा वेळाने हॉलमधून उदाचा धूर यायला लागला. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नाही, हुंगायचा नाही, हा रिवाज त्या घरात एवढा पक्का होता की साखर विसरलेली खीरही पितरांनी निमूट खाल्लेली होती. त्यामुळे वडे तळले गेले, पानात वाढले गेले, आणि कुणी ब्र काढला नाही.

स्वप्नालीला खरं तर आत्याच्या नाकापेक्षा तिच्या तोंडाची धास्ती होती. काल संध्याकाळी भाजी निवडायला बसल्या असताना आत्याने विषय काढला होता. वहिनी दिवसभर एकटी असते. परवा म्हणे गॅस चालू ठेवून देवळात गेली होती. बिल्डिंग पेटली असती म्हणजे? दोघं नवराबायको सकाळी जातात ते दिवेलागणीला उगवतात. दादाला हे कधीच आवडलं नसतं.

"बघू आत्या," जितेंद्र म्हणाला होता.

नवऱ्याच्या 'बघू'चा अर्थ स्वप्नालीला चांगला ठाऊक होता. 'बघू' म्हणजे हो, फक्त आज नको. आणि गेल्याच आठवड्यात लॅबच्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, की येत्या महिन्यापासून तेलाचा सगळा विभाग तुमच्याकडे. जितेंद्रला तिने त्याच दिवशी सांगितलं. तो खूश झाला, खोटं कशाला बोला. पण घरात सांगायचं ते श्राद्ध उरकल्यावर, असं दोघांनी ठरवलं. ती बातमी पोटात धरून ती गेले काही दिवस भांडी घासत होती, गहू निवडत होती, आणि अधूनमधून एकटीच हसत होती. आता मात्र हसू येत नव्हतं.

गच्चीवर सिमेंट तापलं होतं. पायात चपला घालायच्या नव्हत्या, म्हणून सगळे टाकीच्या सावलीच्या पट्ट्यात दाटीवाटीने उभे राहिले. पलीकडे नवघरची उरलीसुरली कौलं, त्यांच्या डोक्यावर चढलेल्या बिल्डिंगा आणि त्यांच्याही मागे मिठागरांचा पांढरा उजेड. दशरथकाकांनी कठड्यावर पाणी शिंपडून केळीचं पान ठेवलं. अशा पानाला गावाकडे वाडी म्हणतात. भात, वरण, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, भोपळ्याची भाजी आणि वर वडे. हे पान कावळा शिवला की मग खाली माणसांची पानं मांडायची.

"ये रे दादा," काका हात जोडून म्हणाले. "ये. समदी आलीत बघ तुझी."

समोरच्या बिल्डिंगच्या अँटेनावर एक कावळा होता. तो मान वाकडी करून बघत राहिला. दुसरा येऊन टाकीवर बसला, पंख साफ करू लागला.

"येतो, येतो," काका म्हणाले.

कुणी आलं नाही. खीर उन्हाने साय धरू लागली.

"दादा, गावच्या घराची काळजी करतोस काय? पावसाच्या आधी कौलं परतून घेतो. माझी जबाबदारी."

टाकीवरचा कावळा उडून दुसऱ्या टाकीवर गेला.

"चहा राहिला असेल," जितेंद्रला सुचलं. तो चार जिने उतरून गेला आणि धापा टाकत वडिलांच्या कपातून चहा घेऊन आला. चहा बशीत ओतून पानाशेजारी ठेवला. चहावर साय आली, कावळा नाही आला.

"इकडचे कावळे मेले खाडीवरचे," मंदाआत्या पुटपुटली. "चौकच्या किनाऱ्याला जाऊन सुके बोंबील खायची सवय. ह्यांना आपले वडे कुठले आवडायला."

आणि तेवढ्यात अँटेनावरचा कावळा खाली आला. कठड्यावर उड्या मारत पानापाशी पोचला. त्याने चोच घातली, वरचा वडा उचलला, दोन उड्या मागे गेला, वडा पायाखाली धरून तुकडा तोडला आणि मान झटकून तो तुकडा टाकून दिला. मग चोच कठड्याच्या सिमेंटवर घासली, इकडून एकदा, तिकडून एकदा, आणि उडून गेला. वडा घरंगळत टाकीच्या मागे पडला.

"शिवला!" जितेंद्र म्हणाला. "शिवला ना काका?"

काकांनी बहिणीकडे पाहिलं.

"शिवला आणि टाकला," आत्या म्हणाली. "ह्याला शिवणं म्हणत नाहीत जितू. दादा आला आणि रागावून गेला."

कावळ्याला वास येतो की नाही, हे स्वप्नालीला कुणी शिकवलं नव्हतं. चव कळते, हे मात्र तिने आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. ती सासूकडे वळली. शैलाबाई टाकीला पाठ लावून खाली बसल्या होत्या आणि टाकून दिलेल्या तुकड्याकडे बघत होत्या.

"त्याचा जीव कशात अडकलाय ते मला माहीत आहे," आत्या पुढे आली. रागावलेली नव्हती ती, रडवेली झाली होती. भावावर तिचा फार जीव होता, आणि तेच अवघड होतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. "वहिनीत अडकलाय. जितू, दिवसभर ती ह्या चार भिंतींत एकटी. तूच सांग, त्याला कसं बरं वाटेल? हात जोड आणि सांग त्याला. सूनबाई नोकरी सोडेल, घरी राहील, आईला एकटं टाकणार नाही. सांग."

"आत्या, हे असं आत्ता..."

"आत्ता नाही तर कधी?"

"बोल बाबा," दशरथकाका हळूच म्हणाले. "दादा तिष्ठतोय. खाली मानसांची जेवणंपन खोळंबलीत."

त्या घरात पितराला दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दशरथकाकांनी आपल्या वडिलांच्या दहाव्याला कावळ्यासमोर दारू सोडल्याचं सांगितलं होतं, आणि तो माणूस त्यानंतर शिमग्याला, वरातीला, कुठेही थेंबाला शिवला नव्हता. जितेंद्रने आज तोंड उघडलं तर पुढच्या महिन्यात विभाग सोडाच, लॅबचं फाटकही स्वप्नालीला परकं होणार होतं. कुणी तिला विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत माफी होती. माफी आधीच मागून ठेवणाऱ्या माणसाचं पुढचं वाक्य काय असतं, हे तिला कळत होतं.

तीन शब्द पुरे होते. तेल खवट आहे. तिच्या जिभेवर ते कधीचे येऊन बसले होते. एवढं म्हटलं असतं तर सगळी कोडी सुटली असती. कावळा का उडाला, वडा का टाकला, सगळं. मग ती का बोलेना?

सासूची लाज राखायची म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला बायकोने खवट वाढलं, हे तिच्या दिराच्या नि नणंदेच्या देखत कसं म्हणायचं? कारण चांगलं होतं. पण खरं नव्हतं, आणि तिलाही ते माहीत होतं. तेल खवटलंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. कधीपासून?

ईश्वरराव तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. घरात सून कुठे तरी शिकलेली आहे, तेलाचं काहीतरी मोठं काम करते, ह्याचं त्यांना केवढं कौतुक. एकदा जेवताना ते पोळीचा घास हातात धरून म्हणाले होते, "डॉक्टरीणबाई, ह्या तेलाला रंगाच्या दुकानासारखा वास येतो हो." आणि ती हसली होती. "सवय होईल, बाबा. औषध आहे असं समजा." ते बरं म्हणाले आणि जेवले. पुढेही जेवत राहिले, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तिने नुसतं डबा उघडून नाक घातलं असतं, फार तर वाटीभर तेल बाटलीत घालून लॅबला नेलं असतं, तरी पुरलं असतं. जगाची तेलं तपासणाऱ्या बाईला घरचं तेल तपासावंसं वाटलं नाही. घरचं ते, त्याला काय होतंय! खवट तेलाने माणूस मरत नाही, हे ती शपथेवर सांगू शकली असती. पण आजारी हृदयाला ते चांगलं असतं, असंही सांगू शकली नसती.

म्हणून ती मूग गिळून उभी होती. नोकरी जाईल ह्याची भीती होतीच, पण त्या प्रश्नाची भीती जास्त होती.

जितेंद्रने हात जोडले. "बाबा," तो कठड्याकडे तोंड करून म्हणाला. घसा खाकरला. "बाबा, तुमची सून..."

"थांब."

शैलाबाई उठल्या होत्या. तापल्या सिमेंटवरून अनवाणी चालत त्या कठड्यापाशी गेल्या, पानातला एक वडा उचलला, मोडला आणि अर्धा तोंडात घातला.

"वहिनी!" आत्या किंचाळलीच. "अहो, त्याच्या आधी? उष्टं केलंत पान!"

शैलाबाई चावत होत्या. सावकाश, डोळे उघडे ठेवून, कुणाकडेही न बघता. घास गिळताना त्यांचा गळा हलला तो सगळ्यांना दिसला. हातातला उरलेला अर्धा वडा त्यांनी नाकाशी नेला, हुंगला, आणि पानात परत ठेवला.

"खवट आहे," त्या म्हणाल्या. "माणसाच्याने खाववत नाही. तो तर कावळा."

"भावजी, ते पान उचला. गाईलासुद्धा घालू नका. मी वडे दुसरे करते." मग त्या मुलाकडे वळल्या. "तू थांब जरा. वडे होऊ देत. मग काय बोलायचं ते बोल."

म्हणजे शब्द टळला नव्हता, वडे होईपर्यंत पुढे गेला होता. स्वप्नाली सासूच्या मागोमाग जिना उतरली.

स्वयंपाकघरात शिरल्यावर शैलाबाईंनी दार लोटून घेतलं. फळीवरच्या पिशव्या स्वतःच खाली काढल्या, एकीचा कोपरा कापून तेल धुतलेल्या कढईत ओतलं. करडईचा डबा पायाने ओट्याखाली सरकवला. स्वप्नालीने पीठ पुढे ओढलं आणि वडा थापायला घेतला. बाहेर आत्याचा आणि काकांचा दबका आवाज चालू होता.

"कशाने होतं गं असं?" शैलाबाईंनी विचारलं. त्या गॅसकडे बघत होत्या.

"उन्हाने. डबा सारखा उघडला की हवेने."

"मग हळूहळू होत असेल ना ते. एकदम एका दिवसात नसेल होत."

"हळूहळू," स्वप्नाली म्हणाली.

शैलाबाईंनी तेलात पिठाचा कण टाकून बघितला. तो तळाशीच बसला.

"हे म्हणायचे, वास येतो. मला वाटायचं, चमचमीत मिळत नाही म्हणून खुसपट काढतायत. एकदा ताट सारलं त्यांनी. तेव्हा मी बोलले. नको नको ते बोलले. पोरं जिवाचं रान करतायत आणि तुमचे नखरे संपत नाहीत, असं म्हणाले. त्यांनी ताट परत पुढे ओढलं आणि सगळं संपवलं." त्यांनी झारा उचलला, पुसला, परत ठेवला. "स्वप्नाली, हे असताना तेल चांगलं होतं ना?"

आला होता तो प्रश्न. गच्चीवर चुकवला, तो चार जिने उतरून मागोमाग आला होता.

लॅबमध्ये एकदा एका कंपनीच्या माणसाने तिला आकडा जरासा खाली लिहायला सांगितलं होतं. तिने त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं आणि आकडा होता तसा लिहिला होता. तेवढी एक गोष्ट स्वतःबद्दल तिला पक्की ठाऊक होती. आता समोर सासू उभी होती. वर्षभरात खांदे उतरलेली, तोंडात अजून तो खवट घास असलेली. खरं सांगितलं तर ह्या बाईला ती शेवटची दमदाटी जन्मभर पुरली असती. आणि स्वप्नालीलाही पुरली असती, हेही काही कमी खरं नव्हतं.

"चांगलं होतं, आई."

"तुला काय माहीत?"

"मी तपासलं होतं." तिचा आवाज नेहमीसारखाच आला, ह्याचं तिलाच नवल वाटलं. "लॅबमध्ये नेऊन."

शैलाबाईंनी मान वळवली. "कधी नेलंस?"

"अधूनमधून न्यायचे. छोट्या बाटलीतून."

"मला कधी दिसली नाहीस नेताना."

"सकाळी निघताना, घाईत. तुम्ही पूजेत असायचात."

शैलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तेल तापून कढईच्या कडेला कापरं भरल्यासारखं हलत होतं, तरी त्यांनी गॅस बारीक केला नाही. त्या सकाळी कधी पूजेला बसत नसत. मुलाच्या नि सुनेच्या डब्यांच्या धावपळीत त्यांची पूजा दोघं गेल्यावर व्हायची, हे स्वप्नालीला बोलून गेल्यावर आठवलं. तिचा हात पिठात थांबला.

"बरं," शैलाबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या हातातला वडा घेतला, भोक पाडलं आणि तेलात सोडला. तो वर येऊन टम्म फुगला. "मग तसंच सांगते बाहेर."

हात पुसत त्या दार उघडून गेल्या. स्वप्नालीला हॉलमधलं सगळं ऐकू येत होतं.

"मंदा, तुझ्या दादाच्या पोटात गेलेलं तेल हिने तपासून दिलेलं होतं. लॅबमध्ये नेऊन. घरात कुणाला पत्ता लागू न देता. ते गेल्यावर बघणारं कुणी उरलं नाही, म्हणून डबा खवटला. तो मी हट्टाने काढला. चूक माझी. कावळा रागावला असला तर माझ्यावर रागावलाय, त्यात हिच्या नोकरीचा काही संबंध नाही."

"अगोबाई," आत्या म्हणाली. "मला मेलीला काय ठाऊक. दादासाठी एवढं करायची ती? आणि मी तिलाच..." तिने नाक ओढल्याचा आवाज आला. "नको रे जितू. काही शब्द देऊ नकोस. करू दे तिला नोकरी. गॅसचं काय ते आपण दुसरं बघू."

"तर काय!" दशरथकाका म्हणाले. "उलट गावासून घाण्याच्या तेलाची बाटली पाठवतो, तीपन बघ म्हनावं."

रोज सकाळी स्वप्नालीला स्कूटरवरून इस्टेटच्या फाटकापर्यंत सोडणाऱ्या, तिची पर्स नि डब्याची पिशवी हँडलला अडकवणाऱ्या, आणि त्यांत तेलाची बाटली कधीच न पाहिलेल्या जितेंद्रचा आवाज मात्र आला नाही.

वडे झाले. नवं पान वाढलं. ते उचलायला दशरथकाका आत आले, पण आत्याने त्यांना अडवलं.

"तू थांब. हे पान तिला नेऊ दे. दादाला तिच्या हातचं बरं वाटेल." आणि तिने स्वप्नालीच्या डोक्यावरून हात फिरवला. हात खरखरीत होता आणि फार मायेचा होता.

स्वप्नालीने सासूकडे पाहिलं. शैलाबाई गॅस पुसत होत्या.

पुन्हा तेच जिने, तीच गच्ची. सिमेंट आणखी तापलं होतं. तिने पान कठड्यावर ठेवलं, पाणी फिरवलं, आणि मागे सरकायला गेली तर काका म्हणाले, "असं न्हाय. दोन शब्द बोल त्याच्याशी. तू बोललीस तर येईल."

सगळे तिच्यामागे उभे होते. तिने हात जोडले.

"बाबा," ती म्हणाली.

पुढे काही येईना. मागून कुणाचा तरी पाय घासल्याचा आवाज आला. अँटेनावर मघाचाच कावळा होता की दुसरा, ते तिला ओळखू येत नव्हतं.

"राहू दे गं," आत्या हळुवारपणे म्हणाली. "मोठ्याने नाही बोलवत तर मनात सांग. मनातलंही पोचतं त्यांना."

स्वप्नालीने डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. डबा कुणी मागवला, कुठे ठेवला, कुणी काही म्हटलं नाही, इथपासून. मागे अचानक गलका झाला. "शिवला! घेऊन गेला, बघा, वडा घेऊन गेला!" काका ओरडले, आत्या रडायला लागली, जिन्याकडे पावलं वळली, आणि कुणीतरी तिला चल गं म्हणालं. तिचे हात जोडलेलेच होते. तिचं अजून सांगून झालं नव्हतं.